पटावरचा घाम

शनिवार-रविवार शाहूपुरीतले आम्ही चौघे बुद्धिबळ स्पर्धेसाठी सांगलीला गेलो होतो. भाऊसाहेब पडसलगीकरांची सांगली म्हणजे आम्हा हौशी मंडळींची पंढरीच! रविवारी दुपारचा डाव लांबला. आमच्यातले एक काका मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेऊन, न जेवताच बसलेले. हात थरथरू लागले, कपाळावर घाम. सगळ्यांना वाटले, डाव हातचा जातोय म्हणून. ग्लुकोमीटरवर साखर ५४!

साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी, मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

काकांनी चहावाल्याची साखर घेतली, पण पंचांना घड्याळ थांबवू दिले नाही. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, असे परतीच्या गाडीत दोनदा सांगितले. ते आपले उंटाच्या चालीवरच बोलत होते.