बसवून पाहिलेला बंपर

गाडीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात माल तीन प्रकारचा असतो. पहिला ओरिजिनल, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, होलोग्राम लावलेला. दुसरा ओईएम. जो कारखाना कंपनीला माल पुरवतो, तोच आपल्या नावाने बाजारातही विकतो, तो हा. तिसरा म्हणजे बाकी सगळा. या तिसऱ्याला दुकानदार कधी ‘लोकल’ म्हणतो, कधी ‘फर्स्ट कॉपी’, पण गिऱ्हाइकासमोर बहुतेक वेळा ‘कंपनीसारखाच’ म्हणतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडलेल्या गाड्यांतून काढलेला माल मिळतो तो चौथा म्हणता येईल; पण तो निदान एकदा कुठल्यातरी गाडीला नीट बसलेला असतो.

आमची वॅगनआर २०१५ची, एमएच ४८ पासिंगची. मे महिन्यात सोसायटीच्या गल्लीत पाण्याचा टँकर मागे घेताना तिच्या तोंडाला लागला. वसई-विरारमध्ये उन्हाळ्यात टँकरवाल्याशी भांडून चालत नाही, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पुढचा बंपर डाव्या बाजूने फाटला होता आणि फॉग लॅम्पचे झाकण गेले होते.

आमचे मेकॅनिक चाचा मूळचे जौनपूरचे, चाळीस वर्षे नालासोपाऱ्यात आहेत. ते म्हणाले, “बाजी, कंपनीचाच घ्या.” पण कंपनीचा लगेच मिळत नव्हता, दहा-बारा दिवस लागतील असे कळले. किंमतही जवळजवळ दुप्पट. शाळा सुरू व्हायच्या आत गाडी हवी होती. म्हणून महामार्गाच्या बाजूच्या एका दुकानाला व्हॉट्सॲपवर गाडीचा फोटो, वर्ष आणि मॉडेल पाठवले. वर्ष मुद्दाम लिहिले, कारण २०१० साली आलेल्या या पिढीच्या वॅगनआरचे तोंड २०१३मध्ये थोडे बदलले आणि त्याच वर्षी आलेल्या स्टिंग्रेचे तर फारच वेगळे आहे. उत्तर आले, “परफेक्ट बसेल मॅडम, कंपनीसारखाच.” बंपर, दोन झाकणे आणि क्लिपांचे पाकीट मिळून २,३५० रुपये झाले. पैसे यूपीआयने दिले आणि बिल मागून घेतले.

चाचांचा एक उसूल आहे. बाहेरचा बंपर आला की रंगाला पाठवण्याआधी ते तो कोराच गाडीवर चढवून बघतात. स्क्रू पूर्ण आवळत नाहीत, क्लिपा नुसत्या टेकवतात. त्या दिवशी उजवी बाजू बसली. डावीकडे फेंडरपाशी बोट जाईल एवढी फट राहिली. ती दाबून मिटवली की मधली जाळी वर उचलली जायची आणि बॉनेटला घासायची. फॉग लॅम्पचे झाकण तर खाचेत जातच नव्हते. चाचांनी दोनदा काढले, दोनदा लावले. मग हीटगन घेऊन आलेल्या पोऱ्याला त्यांनी थांबवले. “गरम करून ओढला तर बसेल,” ते म्हणाले, “पण मग तो परत जाणार नाही.” मी चारही बाजूंनी फोटो काढले, फटीला मोजपट्टी लावून काढले. डावीकडे अकरा मिलिमीटर.

एवढा फरक पडतो कसा, हे मला कळेना. आमच्या शाळेतल्या एका पालकांचा सातिवलीला गाळा आहे. ते प्लास्टिकच्या बादल्या आणि डब्यांची झाकणे बनवतात. त्यांनी जे समजावले ते विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखे आहे. बंपर मुख्यतः पॉलिप्रोपिलीनचा. हे प्लास्टिक वितळवून साच्यात घातले की थंड होताना आकसते, साधारण एक ते अडीच टक्के. साचा बनवणारा हे गृहीत धरून साचा तेवढा मोठा करतो. म्हणजे सगळा हिशेब एका ठरावीक मालाच्या आकसण्यावर उभा असतो. आता कारखान्याने स्वस्तात म्हणून त्यात जुने, पुन्हा वितळवलेले प्लास्टिक मिसळले किंवा साचा पुरता थंड व्हायच्या आत माल बाहेर काढला, तर आकसण्याचे प्रमाण बदलते. दीड मीटरच्या बंपरमध्ये अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे सात-आठ मिलिमीटर. बादलीत एवढा फरक कोणाला दिसतही नाही. बंपरला मात्र दोन्ही टोकांना ठरलेल्या जागी भोके जुळवायची असतात. त्यात नकलेचा साचा कंपनीच्या नकाशावरून बनत नाही. कोणीतरी बाजारातून एक बंपर आणतो आणि त्यावरून मापे घेतो. तो बंपर थोडा वाकलेला असला, तर ते वाकणे प्रत्येक प्रतीत उतरते. आम्ही शिक्षक ज्याला कॉपीतली चूक म्हणतो तीच ही. परीक्षेत ती लगेच ओळखू येते.

दुसऱ्या दिवशी बंपर रिक्षात आडवा धरून दुकानात नेला. दुकानदाराने तो हातात घेतला, उलटा केला आणि भोकांजवळ बोट ठेवले. “मॅडम, ये देखो, फिटिंग के निशान. लगा हुआ माल वापस नहीं होता.” मी विचारले, “लावून पाहिल्याशिवाय बसतो की नाही हे कळणार कसे?” त्यावर त्याने बिलाची मागची बाजू दाखवली. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असा शिक्का होता. मग जरा आवाज उतरवून म्हणाला, “भाईजान को भेजिए, उनसे बात करता हूँ.” मी सांगितले की गाडी माझ्या नावावर आहे आणि बिलही.

सगळी गोम त्या निशाणांत आहे. कपडा अंगाला लावून पाहता येतो, चप्पल घालून चार पावले टाकता येतात. बंपर, आरसा, हेडलाइट, दरवाजाचे रबर या वस्तूंचे ‘बसणे’ हाच त्यांचा गुण, आणि तो लावल्याशिवाय दिसत नाही. लावला की दुकानदार म्हणणार, वापरला. म्हणजे ज्या क्षणी दोष कळतो त्याच क्षणी परत करण्याचा हक्क गेला म्हणायचे!

घरी येऊन मी अब्बांच्या कपाटातली ‘हिदाया’ची उर्दू प्रत काढली. बाराव्या शतकात बुरहानुद्दीन मरगीनानी यांनी लिहिलेला हा हनफी फिकहचा ग्रंथ. १७९१ साली चार्ल्स हॅमिल्टनने त्याचे इंग्रजी भाषांतर छापले आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांत ते वापरले जायचे. खरेदी-विक्रीच्या भागात त्यात ‘खियार-ए-ऐब’ आहे. घेतलेल्या वस्तूत आधी न दिसलेला ऐब निघाला तर सौदा ठेवायचा की मोडायचा, हे ठरवण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क. (सरकारी पत्रांत आपण लिहितो तो ‘अखत्यार’ आणि हा ‘खियार’ एकाच अरबी धातूतून आले आहेत. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाला अशा ठिकाणी थांबल्याशिवाय राहवत नाही.)

दोष कळल्यावरही वस्तू आपल्या कामासाठी वापरली, तर गिऱ्हाइकाने ती पसंत केली असे धरतात आणि हक्क संपतो. इथपर्यंत दुकानदाराचेच म्हणणे. पण पुढे एक उदाहरण आहे. एकाने जनावर विकत घेतले, त्यात खोड निघाली. तो त्यावर बसून आपल्या कामाला गेला, तर परत करण्याचा हक्क गेला. पण ते विकणाऱ्याकडे परत पोचवायला, पाणी पाजायला किंवा चारा आणायला म्हणून बसला, तर ती पसंती नव्हे. आठशे वर्षांपूर्वीच्या फकीहांपुढे घोडे आणि खेचरे होती, पण प्रश्न आमचाच होता. वस्तूला हात कशासाठी लावला? चाचांनी बंपर लावला तो गाडी पळवायला नाही.

शिक्क्याचेही उत्तर शोधावे लागले, कारण इथे दुकानदाराची बाजू अगदीच लंगडी नाही. ‘कुठल्याही ऐबाची जबाबदारी माझी नाही’ अशी अट घालून विकण्याची मुभा हनफी मताने आहे. कोकणी मुसलमान ज्या शाफई मताचे आहेत, त्यात ही सूट फार आकसलेली आहे. पण दोन्हीकडे अट सौद्याच्या वेळी बोलावी लागते. पैसे घेतल्यावर कागदाच्या पाठीवर उमटवलेला शिक्का म्हणजे अट नव्हे. आणि माहीत असलेला दोष लपवणे तर कुठेच जायज नाही. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल वर काढणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस आमच्याकडे मदरशातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते.

अर्थात वसईत तक्रार फिकहवर चालत नाही. पण देशाचा कायदा वाचला तेव्हा मला ती जनावराची गोष्टच पुन्हा वाचते आहे असे वाटले. १९३०च्या माल विक्री कायद्याचे कलम ४१ सांगते की, माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत गिऱ्हाइकाने तो स्वीकारला असे धरता येत नाही. कलम ४३ तर म्हणते की, वेगळे ठरलेले नसेल तर नाकारलेला माल परत नेऊन देण्याचीही सक्ती गिऱ्हाइकावर नाही, नाकारला एवढे कळवले की पुरे. (मी रिक्षाचे भाडे घातले ते घातलेच.) २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला, त्यात वस्तू उणी पडली तरी तो दोष. म्हणजे “परफेक्ट बसेल मॅडम” हा व्हॉट्सॲपवरचा निरोपही दावाच. सदोष माल परत न घेणे आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे न देणे ही याच कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा. ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी २०२०चे ई-कॉमर्स नियम आहेत. तिथे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.

कायदा सोपा निघाला, माणसे अवघड निघाली. दुकानदार आमच्याच मशिदीत जुम्याला येतो. दोन दिवसांत घरी फोन सुरू झाले. “आपलाच माणूस आहे, दोन हजारांसाठी तक्रार कशाला?” “बाहेरचे काय म्हणतील?” एका बुजुर्गांनी सब्र करण्याचा सल्ला दिला. मी त्यांना अदबीने विचारले की, सब्र गिऱ्हाइकानेच का करायचा, दुकानदाराने पैसे परत देऊन का नाही? ते हसले, पण दुकानात काही बोलायला गेले नाहीत. आपलाच माणूस म्हणून सवलत मागितली जाते ती नेहमी विकणाऱ्यासाठीच, हे मला तेव्हा फार टोचले. त्याच दुकानातून माल नेणारे रिक्षावाले, टेम्पोवाले आपलेच नाहीत का? त्यांचा एक दिवस गाडी उभी राहिली तर घरात त्या दिवसाची कमाई येत नाही. ते भोके मोठी करतात, वायरने बांधतात आणि चालवतात. त्यांच्यातल्या कोणाकडे बिलही नसते.

मी एक पानाचे पत्र लिहिले. मराठीत, साधे. कोणत्या तारखेला काय घेतले, विक्रेत्याने काय लिहून कळवले, कुठे किती फट राहिली, कोणत्या तारखेला माल परत न्यायला गेले आणि काय उत्तर मिळाले. कायद्याचे नाव एका ओळीत. रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत. रागाचा एक शब्द नाही. मुलांना औपचारिक पत्र शिकवताना मी विषयाची ओळ ठळक काढायला लावते, तशी इथेही काढली. सोबत बिलाची प्रत, व्हॉट्सॲपचे छापलेले पान आणि मोजपट्टीचा फोटो. स्पीड पोस्टाने पाठवले. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून मराठीत तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन हुकूम देत नाही, विक्रेत्याशी बोलून मिटवायला बघते. पण तक्रारीला एक क्रमांक मिळतो. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. गिऱ्हाईक राहते तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही आणि मुदत दोन वर्षांची. पूर्वी ई-दाखिलवर अर्ज भरायचा, २०२५पासून ई-जागृतीवर.

अकराव्या दिवशी दुकानातल्या मुलाचा फोन आला. “मॅडम, बंपर पाठवून द्या, पैसे टाकतो.” मी म्हटले, “आधी टाका, मग घेऊन जा.” अर्ध्या तासात २,३५० रुपये आले. संध्याकाळी तोच मुलगा स्कूटरवर बंपर न्यायला आला. बंपर मागे बांधताना म्हणाला की, दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल येतो, तो परत काहीच घेत नाही; सेठचे पैसे त्याच्याकडे अडकतात. ते खरे असावे. सेठकडेही घाऊकवाल्याचे बिल असेल तर तोही हेच पत्र लिहू शकतो, असे मी म्हटले. त्याने पत्राचा नमुना मागितला. मी मोबाइलवर पाठवून दिला.

कंपनीचा बंपर मग मागवला. तो पहिल्याच झटक्यात बसला, क्लिपांचा टक टक आवाज ओळीने आला. रंग मात्र जुळला नाही. दहा वर्षांच्या उन्हाने गाडीचा पांढरा पिवळसर झाला आहे आणि नवा बंपर दुधासारखा दिसतो. चाचांनी पहिल्या बंपरच्या दोन वेळच्या फिटिंगची मजुरी सांगितली तीनशे रुपये. ती दुकानदाराकडून मागायला हवी होती असे शेजारीण म्हणाली. तीही मागितली होती, पत्रात लिहिली होती. त्याने ती दिली नाही आणि तेवढ्यासाठी आयोगाकडे जायचे नाही असे मी ठरवले. चाचांनी दीडशे घेतले.