नवख्याची खूण

परक्या गावी पाऊल टाकणाऱ्याला पहिली धास्ती असते ती आपले अडाणीपण उघडे पडण्याची. संगणकाच्या पडद्यावरील जगही याला अपवाद नाही. २०१३ साली नव्या रूपात आलेल्या ‘फायनल फँटसी १४’ या जपानी खेळात मी प्रथम शिरलो, तेव्हा माझ्या नावाशेजारी एक इवलेसे रोपटे उमटले. नवख्याची ती खूण! सर्वांसमोर ती वागवताना मोठा संकोच वाटला.

तेथील बहुतेक मोहिमा ४ किंवा ८ जणांनी मिळून पार पाडायच्या असतात. एकाच्या चुकीने साऱ्यांचे श्रम वाया जाऊ शकतात. साहजिकच जुन्यांना नवखा नकोसा वाटतो. रचनाकारांनी यावर तोड काढली आहे. एखादी मोहीम प्रथमच करणारा सोबत असेल, तर साऱ्या गटाला अधिक बक्षीस मिळते. ओझे वाटणारा सोबती असा लाभाचा ठरतो.

परंतु ‘येथे थांबा, आता उजवीकडे सरका,’ असे धीराने सांगत राहण्याची सक्ती कोणताही नियम करीत नाही. एका अनोळखी खेळाडूने माझ्यासाठी ते आपणहून केले. मोहीम दोनदा फसली, तरी तो गट सोडून गेला नाही. तोवर त्या जादा बक्षिसापेक्षा कितीतरी अधिक वेळ त्याने मला दिला होता.