शॉर्ट एका पोर्टवर, बोर्ड मात्र चालू

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय हा क्रेडिट कार्डाएवढा संगणक विक्रीला आला. त्याच्या पहिल्या ‘मॉडेल बी’वर यूएसबीचे दोन पोर्ट होते आणि प्रत्येकाच्या वाटेत १४० मिलिअँपियरचा एकेक पॉलिफ्यूज. कीबोर्ड-माउसचं त्यावर भागायचं. वायफायचा डोंगल लावला की मात्र पोर्टवरचं व्होल्टेज घसरायचं आणि डोंगल मध्येच बंद पडायचा. पॉलिफ्यूजला स्वतःचा रेझिस्टन्स असतो. करंट वाढला की तो तापतो, आणि तापला की रेझिस्टन्स आणखी चढतो. विदर्भातल्या मे महिन्यात बंद डब्यात ठेवलेला असा फ्यूज तर आपल्या ठरलेल्या करंटच्या बराच आधी हात आखडता घेतो.

त्याच वर्षी सुधारित बोर्डांवरून हे फ्यूज काढले गेले. व्होल्टेजची तक्रार मिटली, पण दुसरीच उभी राहिली: चालू बोर्डात डोंगल खुपसावा आणि अख्खा संगणक रिसेट व्हावा. १४ जुलै २०१४ रोजी आलेल्या ‘मॉडेल बी प्लस’ने यावर उपाय आणला. त्याच्या चार पोर्टांच्या आधी एक करंट-लिमिटेड लोड स्विच बसला. एरवी चारही पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपियर, आणि सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातली की १.२ अँपियर.

तीन बोर्डांची ही गोष्ट सर्किट डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. करंटची मर्यादा म्हणजे डेटाशीटवरचा एक आकडा, असं धरून चाललं की बोर्ड टेबलावर चालतो आणि गिऱ्हाइकाकडे बंद पडतो. मर्यादा किती वेळ लागू राहते, तेवढ्या वेळात उष्णता कुठे जाते आणि शेजारच्या सर्किटला काय सोसावं लागतं, याची उत्तरं मिळाल्याशिवाय डिझाइन पुरं होत नाही.

आधी रिसेटचं गणित. डोंगलमधला रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखाच वागतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० मायक्रोसेकंदांत पाच व्होल्टपर्यंत भरायचा तर ५० अँपियर लागतील. एवढं अडॅप्टर देऊ शकत नाही. मग बोर्डावरच्याच कपॅसिटरमधला साठा ओढला जातो, पाच व्होल्टची लाइन खचते आणि प्रोसेसर रिसेट होतो. तोच कपॅसिटर ५०० मिलिअँपियरच्या मर्यादेतून भरला तर १ मिलिसेकंद लागतो आणि लाइन स्थिर राहते. यूएसबी २.०चं स्पेसिफिकेशन म्हणूनच उपकरणाला जोडणीच्या वेळी १० मायक्रोफॅरडहून अधिक भार दाखवू देत नाही, आणि हबकडे मात्र पोर्टांच्या बाजूला किमान १२० मायक्रोफॅरड मागतं.

लोड स्विचच्या आत मुख्य काम मॉसफेट करतो. एरवी तो पूर्ण चालू असतो. त्याचा रेझिस्टन्स ८५ मिलिओहम धरला तर ५०० मिलिअँपियरला सुमारे ४३ मिलिव्होल्ट पडतात आणि उष्णता २१ मिलिवॉट. करंट मर्यादेला टेकला की आतलं सर्किट गेटचं व्होल्टेज कमी करतं आणि मॉसफेट करंट अडवून धरतो. पुढे पक्का शॉर्ट असेल तर पाचच्या पाच व्होल्ट त्याच्याच अंगावर येतात. मर्यादा ६०० मिलिअँपियरची असली तरी झाले ३ वॉट, आणि तेही जेमतेम तीन मिलिमीटर लांबीच्या पॅकेजात! ते तापून थर्मल शटडाउन होतं, थंड झालं की पुन्हा चालू, पुन्हा शॉर्ट, पुन्हा बंद. शॉर्ट निघेपर्यंत हे चक्र चालतं. काही आयसी मात्र एकदा बंद पडले की प्रोसेसरने पुन्हा चालू करेपर्यंत बंदच राहतात. शेतातल्या, जिथे माणूस फिरकत नाही अशा यंत्राला पहिली जात बरी. एखादं महागडं सेन्सर मॉड्यूल जपायचं तर दुसरी.

सगळ्यात फसवी जागा पूर्ण चालू आणि पक्का शॉर्ट या दोन टोकांच्या मध्ये आहे. समजा, पोर्टवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे आणि चालू होताच ४०० मिलिअँपियर घेणारं सर्किटही. मर्यादा ५०० मिलिअँपियरची. कपॅसिटर भरायला उरले १००, म्हणजे ५० मिलिसेकंद. बऱ्याच आयसींची फॉल्टची पिन आठएक मिलिसेकंद वाट पाहून लाल बावटा दाखवते. फर्मवेअर तो पाहून पोर्ट बंद करतं. शॉर्ट कुठेच नाही, तरी उपकरण चालू होत नाही. इलाज सोपा आहे: कपॅसिटर भरेपर्यंत पुढचा रेग्युलेटर बंद ठेवायचा.

मर्यादा ठरवतानाही दोन टोकं पाहावी लागतात. पोर्टला ५०० मिलिअँपियर द्यायचे कबूल केले असतील, तर आयसीची किमान मर्यादा, तीही पूर्ण तापमानकक्षेत, त्याच्या वर हवी. कमाल मर्यादा गाठली गेली तरी उरलेला बोर्ड चालेल एवढी ताकद अडॅप्टरमध्ये हवी. २०२३ साली आलेला रास्पबेरी पाय ५ हेच करतो: पाच अँपियरचा अडॅप्टर आहे असं कळलं तर यूएसबीला १.६ अँपियर, नाहीतर ६०० मिलिअँपियर.

बोर्ड तयार झाला की जाड, आखूड वायरने पोर्ट मुद्दाम शॉर्ट करावा. ऑसिलोस्कोपचा एक प्रोब स्विचच्या इनपुटवर आणि दुसरा प्रोसेसरच्या सप्लायवर लावावा. स्विचला जागं व्हायला एक-दोन मायक्रोसेकंद लागतात. तोवर करंट कित्येक अँपियरवर गेलेला असतो. तो एकाएकी आवळला की अडॅप्टरच्या वायरचं इंडक्टन्स इनपुटवर व्होल्टेजचा स्पाइक काढतं. म्हणून सिरॅमिक कपॅसिटर आयसीच्या पिनांना अगदी लागून हवा, आणि व्होल्टेज लागल्यावर सिरॅमिकची क्षमता घटते हे धरूनच त्याचं मूल्य निवडावं. हीच चाचणी ७० अंश सेल्सिअसला पुन्हा घ्यावी, सोबत सर्वांत मोठा कपॅसिटर असलेलं उपकरण लावून बोर्ड चालू करून पाहावा. तिथे थर्मल शटडाउन लवकर येतो, आणि खोलीत सहज चालू होणारं उपकरण अडतं का, ते बोर्ड गिऱ्हाइकाकडे जाण्याआधीच कळतं.