आत्तीचे चाळीस टक्के

आमच्या घरांत मोबाईल वरून खाली येतो. मुलगा नवा घेतो, त्याचा जुना बायकोला, तिचा त्याहून जुना सासूला. लुगडं विरलं की गोधडीला जातं, तशातलाच प्रकार. काचेला एखादी चीर असते, कव्हर पिवळं पडलेलं असतं, आणि "अजून चांगला चालतोय की" म्हणून तो तिच्या हातात येतो. म्हणजे जिचा फोन लागला नाही तर सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, तिच्याकडंच घरातली सगळ्यात थकलेली बॅटरी. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं असंच.

माझी आत्ती निपाणीजवळ एका खेड्यात एकटी राहते. वय ७६. एक मुलगा पुण्यात, दुसरा हुबळीत. सकाळी बस्तीत जाऊन येते, दिवस मावळायच्या आत जेवते आणि मग मुलांच्या फोनची वाट बघत कट्ट्यावर बसते. गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात तिचा उपवास होता. संध्याकाळी धाकट्याचा फोन आला, अर्ध्या वाक्यात तुटला, आणि पुढं तासभर 'स्विच ऑफ'. उपवासाचं माणूस, चक्कर येऊन पडली असेल, म्हणून शेजाऱ्यांना पळवलं. आत्ती जप करत बसली होती.

असं दोन-चार वेळा झालं. मग सुरू झालं, "आई, तू चार्जिंगला लावायला विसरतीस." आधी चेष्टेत, मग काळजीनं. शेवटी थोरला म्हणाला, पुण्याला नेऊन डॉक्टरला दाखवू, या वयात विसरण्याचं काही खरं नसतं. आत्तीनं ते ऐकून घेतलं आणि रात्री मला म्हणाली, "चाळीसवर होतं ग. मी बघितलंय. मला काय आकडा वाचाय येत न्हाई व्हय?"

जिला वर्षभराच्या अष्टमी-चतुर्दशी तोंडपाठ आहेत, दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब जी कागदाशिवाय करते, तिचं हे म्हणणं मला खोटं वाटेना. मी तिला सांगितलं, एका वहीत लिही. वेळ, आकडा आणि त्या वेळी फोनवर काय चाललं होतं ते.

पंधरा दिवसांनी मी वही बघितली. सकाळी ९ वाजता ९६, दुपारी ७१, संध्याकाळी ४३, आणि पुढं तिच्या गोल अक्षरात 'बंद'. दुसऱ्या दिवशी ३८ वर बंद. चार्जर लावून सुरू केला तर लगेच ३५. वहीतली खरी गोष्ट शेवटच्या रकान्यात होती. जेव्हा जेव्हा फोन पडला, तेव्हा मुलाचा व्हिडिओ कॉल चालू होता. साध्या बोलण्यात एकदाही नाही.

यात जादू काही नाही. गाडीच्या टाकीत काटा असतो, तसं मोबाईलमध्ये चार्ज थेट मोजणारं काही नसतं. पडद्यावरची टक्केवारी हा अंदाज असतो. आपण पिठाच्या डब्यात न डोकावता किती वाट्या घातल्या नि किती काढल्या याचा हिशेब ठेवावा, तसा फोन आत-बाहेर जाणाऱ्या विजेचा हिशेब ठेवतो. जोडीला बॅटरीचं व्होल्टेज बघतो. पण लिथियम बॅटरीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात फारसं हलत नाही, त्यामुळं ६० आणि ४० मधला फरक त्यावरून नीट कळत नाही. हिशेबातल्या बारीक चुका साठत जातात. त्यात डबाच वर्षानुवर्षं लहान होत गेलेला असतो आणि वही मात्र जुन्या मापाची. मग आकडा फसवतो.

आत्तीच्या फोनचं दुखणं त्याच्याही पुढं गेलं होतं. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला अडथळा वाढतो. गंजून अरुंद झालेल्या पाइपासारखं. बारीक धार सोडली तर पाणी येतं, दोन नळ एकदम उघडले की थेंब थेंब. व्हिडिओ कॉलला कॅमेरा, पडदा, इंटरनेट सगळं एकदम वीज ओढतं, व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. जरा विसावा मिळाला की व्होल्टेज पुन्हा वर. म्हणून शेजारणीनं चार्जर लावला की ३५ दिसायचे आणि सगळे म्हणायचे, चार्ज होता की, आत्तीनंच बंद केला असेल. महागड्या फोनांचीही यातून सुटका नाही. जुन्या बॅटरीचे आयफोन असेच अचानक बंद पडू नयेत म्हणून आपण त्यांचा वेग कमी करतो, हे अ‍ॅपलनं डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं.

आम्ही आधी फुकटचा उपाय केला. फोन आपोआप बंद पडेपर्यंत वापरला, मग न काढता १०० पर्यंत चार्ज केला आणि वर तासभर तसाच ठेवला. यानं हिशेबाच्या वहीला दोन्ही टोकं नव्यानं सापडतात. आकडा सुधारतो, बॅटरी नाही. हे वरचेवर करू नये, अगदी रिकामी केल्यानं तिचं आयुष्य कमीच होतं. आत्तीचे आकडे थोडे सरळ झाले, पण व्हिडिओ कॉलला फोन पडायचा तो पडलाच. मग बेळगावला खडेबाजारात नेला. पहिला दुकानदार म्हणाला, "मावशी, नवाच घ्या." दुसऱ्यानं बाराशे रुपयांत बॅटरी बदलून दिली. जुनी काढली तर मधोमध फुगलेली. त्यानं ती हळूच बाजूला ठेवली आणि मला बजावलं, अशी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही.

नवीला कसं सांभाळायचं ते मी आत्तीला सांगत होते. रोज काठोकाठ भरायची नाही, अगदी रिकामीही होऊ द्यायची नाही, वीसच्या वर आणि ऐंशीच्या आसपास बरी.

"म्हंजे अवमौदर्य म्हण की," आत्ती म्हणाली. "भुकेपेक्षा दोन घास कमी."

मुलांना मी वहीची पानं फोटो काढून पाठवली. थोरल्याचा बराच वेळ काही निरोप आला नाही. मग त्यानं आईला फोन केला, व्हिडिओवर, पाऊण तास. डॉक्टरचं नाव पुन्हा निघालं नाही. त्यानं माफी मागितली का, हे मी आत्तीला विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

वही तिनं अजून बंद केलेली नाही. उलट गल्लीतल्या बायका आता आपापले फोन घेऊन तिच्याकडं येतात. आत्ती चष्मा लावते, फोन पाटावर उताणा ठेवते आणि पाठ डुगडुगते का ते बघते. डुगडुगला तर म्हणते, "फुगलीय ही. आजच बदलून घ्या. आणि घरात सांगा, विसरत न्हाई मी, बॅटरी गेलीय."