आठ दिवसांच्या बोलीवर

परमुलखांतील अन्नाविषयीं लिहिणारा मनुष्य बहुधा चवीपाशींच थांबतो. पानांत काय होतें तें तो सांगतो. तें पान मुळांत कोणासाठीं मांडलें होतें, इकडे त्याचें लक्ष जात नाहीं. दक्षिण इटलींतील नेपल्स शहरीं पिझ्झा खाल्ल्यापासून ही गोष्ट आमच्या मनांत घोळत आहे.

दुकान अगदीं साधें होतें. अरुंद गल्ली, तोंडाशींच लाकडाची भट्टी, आंत चार मेजें आणि बाहेर उभ्यानें खाणाऱ्यांची दाटी. एका बाजूला पिझ्झ्याच्याच पिठाचा लांबट पाव भाजून, चिरून, त्यांत भाजी व चीज भरून देत होते. त्याला 'पानुओत्सो' म्हणतात. तो मूळचा जवळच्याच ग्रान्यानो गांवचा. आम्ही पडलों शाकाहारी, त्यामुळें 'मारिनारा' हें नांव ऐकून प्रथम दचकलों. नांव दर्यावर्द्यांचें, तेव्हां मासळी असणारच! पण निघालें काय? टोमॅटो, लसूण, ओरेगानोचा पाला आणि ऑलिव्हचें तेल. चीजसुद्धां नाहीं! गरिबाच्या खिशाला परवडेल तेवढेंच.

भट्टींतील उष्णता ४५० अंश सेल्सिअसच्या घरांत असते. ६० ते ९० सेकंदांत पिझ्झा फुगून, कांठाला काळे डाग घेऊन बाहेर येतो. कारागिरानें त्याची चौघडी घातली आणि कागदांत गुंडाळून आमच्या हातीं दिली. पैशाच्या पाकिटासारखी घडी, म्हणून त्याला 'आ पोर्ताफोल्यो' म्हणतात. उभ्यानें, भर रस्त्यांत, चपला घालून जेवण! आमच्या आजीनें पाहिलें असतें, तर आम्हांस घरांत घेण्यापूर्वीं विहिरीवर पाठविलें असतें. शेजारीं चुन्यानें माखलेला एक गवंडी आणि काळ्या डगल्यांतील एक गृहस्थ तीच घडी तितक्याच तन्मयतेनें खात होते.

या शहरांत पूर्वीं 'ओज्जी आ ओत्तो' अशी चाल होती: आज खा, पैसे आठ दिवसांनीं द्या. आपल्या 'आठवड्या'प्रमाणें त्यांचीहि गणना आठांचीच. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईंत बायका दारांत कढई मांडून तळलेला पिझ्झा या बोलीवर विकीत. १९५४ सालच्या 'लोरो दि नापोली' या चित्रपटांत सोफिया लॉरेननें अशीच एक विक्रेती रंगविली आहे. पण गंमत ही कीं, प्रख्यात फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा यानें १८४३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या नेपल्सच्या प्रवासवर्णनांत या 'आठां'चा अर्थ 'आठ दिवसांपूर्वीं भाजलेला पिझ्झा' असा केला! पदार्थ त्याला दिसला. त्यामागील उधारी दिसली नाहीं.

द्यूमाला हंसणें सोपें आहे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानांत 'आज रोख, उद्यां उधार' अशी पाटी असते आणि तिच्यांतील 'उद्यां' कधींच उजाडत नाहीं, हें वाचकांस ठाऊक आहेच. पण त्याच पाटीखालीं एक लाल कापडाची वही असे. आमच्या लहानपणीं महिनाअखेरीस वडिलांचें नांव तींत चढे. तांदूळ मोजतांना वाणी कधीं मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहत नसे. ती त्याची घाई आहे असें आम्हांस तेव्हां वाटे. ती माणुसकी होती, हें फार उशिरां कळलें.

२०१७ सालीं युनेस्कोनें नेपल्सच्या पिझ्झाकारांची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत घातली. योग्यच झालें. पीठ कसें मळावें, कसें थापावें, भट्टी कशी राखावी, हें आतां जगाच्या दप्तरीं नोंदलें गेलें. भुकेल्या माणसावर आठ दिवस विश्वास कसा टाकावा, याची नोंद मात्र त्या दप्तरांत शोधून सांपडणार नाहीं. ती कुठल्यातरी जीर्ण वहींत असते. वडिलांनीं शेवटची बाकी दिली, त्या दिवशीं वाण्यानें आमच्या पानावर आडवी रेघ मारली. हिशेब मिटला, पण त्या तांदळावर वाढलेल्या आम्हीं तो फिटला असें कोणत्या तोंडानें म्हणावें?