उतरलेली मशीन आणि आपलं होम फोल्डर



"दुसऱ्याच्या ऑफिसातून उतरलेल्या मशीन आपल्या पोरांना कशाला? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी काय सांगितलं होतं? उष्टं घेऊ नका."

अंबरनाथ पूर्वेला आमच्या विहारातल्या अभ्यासिकेसमोर टेम्पोतून सहा जुने कॉम्प्युटर उतरले, त्या संध्याकाळी एका ज्येष्ठ काकांनी मला हे सुनावलं. समाजशास्त्रात एमए केल्यामुळे वाद घालायची मला सवय आहे, पण तेव्हा उत्तर सुचलं नाही. काका चुकीचं बोलत नव्हते.

त्या मशीन बिघडलेल्या नव्हत्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. एका तारखेने चालती मशीन भंगार ठरवली आणि ते भंगार दान होऊन आमच्या दारात आलं. आता त्यावर चोरटं विंडोज टाकलं असतं, तर काकांचा शब्द शंभर टक्के खरा ठरला असता: मशीन दुसऱ्याची, अटीही दुसऱ्याच्या. आम्ही लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. पेनड्राइव्हवरून आधी नुसती चालवून बघता येते, पटली तरच आत बसवायची. ४ जीबी रॅमवर ती नीट चालते. २ जीबीवर चालू होते, पण ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की दम लागतो. हाताशी थोडे पैसे असतील तर रॅमच्याही आधी जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी घाला.

मग मराठी. हे काम मी सर्वात आधी केलं, कारण आमच्या जयंती स्मरणिकेच्या जुन्या फायली उघडल्या तर एबीसीडीचा कचरा दिसत होता. जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरी चित्रं बसवायचे, फॉन्ट गेला की मजकूरही गेला. कितीतरी वस्त्यांचा लिखित इतिहास असाच बंद पडून असेल. युनिकोडला ही भीती नाही. सेटिंग्जमधून कीबोर्ड, मग लेआउटच्या पानावर 'सिस्टिम डिफॉल्ट' ची खूण काढायची आणि भारतीय यादीतला मराठी इनस्क्रिप्ट जोडायचा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. टायपिंग क्लासला रेमिंग्टन शिकलेल्यांना पहिले काही दिवस वैताग येतो, येऊ द्या. 'दुसऱ्या' मधला अर्धा र अडतो, तिथे शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. लिबर ऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली नाही, तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. नोटो सान्सने ते ओळखलं. नवा फॉन्ट टाकायला फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबा, लपलेली फोल्डरं दिसतात. त्यातल्या 'लोकल' मध्ये 'शेअर', त्यात 'फॉन्ट्स' (नसेल तर बनवा).

खरं भांडण झालं ते वॉलपेपरवरून. समितीचं म्हणणं, सगळ्या पडद्यांवर बाबासाहेबांचा फोटो हवा. मी म्हटलं, फोटो भिंतीवर आहे, पडदा पोरांना द्या. प्रत्येकाला स्वतंत्र खातं आणि स्वतःचा पासवर्ड दिला. नववीतल्या एका मुलीने खालची पट्टी उचलून डावीकडे उभी केली, रंग निळा, चिन्हं मोठी आणि वॉलपेपरला शेळीचं पिल्लू. तिच्या घरी दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, वडील आनंदनगर एमआयडीसीत रात्रपाळीला, म्हणून दिवसा घरात बोलायचंही नाही. वहीसुद्धा भावाच्या दप्तरात ठेवते. लिनक्समध्ये प्रत्येकाच्या फोल्डरला 'होम' म्हणतात. टर्मिनलमध्ये सीएचमॉड ७०० दिलं की ते दुसऱ्या खात्यातून उघडत नाही. तिने मला विचारलं, "ताई, तुम्हाला पण नाही दिसणार?" अॅडमिनचं खातं माझ्याकडे आहे, मला उघडता येतं. तेच सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "पण तुम्ही उघडू नका."

नाही उघडत.

हे सगळं असूनही एक मशीन विंडोजवरच ठेवलंय, नेट काढून. टायपिंगच्या परीक्षेला बसणारी मुलं आहेत आणि समोर जे येणार त्यावर हात बसलेला हवा. माझ्या तत्त्वासाठी त्यांचा निकाल मी पणाला लावणार नाही.

काकांचं मत बदललं नाही. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "छान केलंस पोरी. पण नगरपरिषदेकडे नव्या मशीनचा अर्ज जाणारच. तो आपला हक्क आहे, दान नव्हे." अर्ज मी त्याच उतरलेल्या मशीनवर टाइप केला. 'जुन्या' लिहिताना काकांनी खोडायला लावून 'टाकून दिलेल्या' असं करून घेतलं. पहिली सही त्यांची आहे.