घासणी खाली ठेवा

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, सणापर्यंत चेहरा उजळेल ना?" विचारणारी कधी लग्न ठरलेली मुलगी असते, कधी तिची आई, आणि हल्ली मुलगेही तितकेच असतात. सोबत पिशवी असते. ती मी टेबलावर रिकामी करायला सांगते. फेसवॉश, स्क्रब, टोनर, दोन सीरम, मैत्रिणीने सुचवलेली एक ट्यूब, मेडिकलमधून आणलेली दुसरी, शिवाय घरचं बेसन-लिंबू वेगळंच. यातल्या बऱ्याचशा वस्तू बंद करायला लावल्या की माझं अर्धं काम होतं. सोलापूरसारख्या कोरड्या, तापत्या गावात वर्षानुवर्षं त्वचारोगांची ओपीडी चालवताना माझं मत पक्कं होत गेलं आहे. त्वचेला रोज फार थोडं लागतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारींच्या मुळाशी आपणच हौसेने केलेलं काहीतरी असतं.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. चेहऱ्यावर तो कागदापेक्षाही पातळ आहे. विटांच्या भिंतीसारखी त्याची रचना असते. पेशी म्हणजे विटा, आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, स्निग्धाम्लं यांचं मिश्रण म्हणजे मधला चुना. हा चुना शाबूत असेल तर अंगातलं पाणी आत राहतं आणि धूळ, जंतू, रसायनं बाहेर. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच पाचच्या आसपास. आपला नेहमीचा आंघोळीचा साबण मात्र नऊ-दहा पीएचचा. तोंड धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटते, त्याला लोक 'स्वच्छ झालं' म्हणतात. खरं तर साबणाने मळासोबत थोडा चुनाही ओढून नेलेला असतो.

म्हणून धुण्याचा नियम साधा ठेवावा. सकाळ-संध्याकाळ, कोमट किंवा गार पाण्याने, कमी फेसाच्या सौम्य क्लेन्झरने. कोरड्या त्वचेच्या माणसाला सकाळी नुसतं पाणीही पुरतं. अंगाला रोज नखशिखांत साबण लावायची गरज नसते. काखा, जांघा, पावलं आणि जिथे घाम साचतो तिथे लावला की झालं. आपल्या भागात बोअरचं जड पाणी, त्यात साबणाला फेस येत नाही, मग माणूस आणखी साबण चोळतो. हिवाळ्यात अशांच्या नडग्यांवर खवले धरलेले दिसतात. तेलकट चेहऱ्याची मुलं दिवसातून पाच-सहा वेळा तोंड धुतात, कारण मुरूम घाणीमुळे येतात असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. मुरुमाची सुरुवात केसाच्या मुळापाशी, आत खोल होते. तिथलं तेल आणि मृत पेशी मिळून रंध्राचं तोंड बंद करतात. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा मळाचा नसतो. वरून कितीही घासलं तरी तिथवर पोचता येत नाही. कातडी सोलवटते आणि मुरूम गेल्यावर मागे राहणारा डाग मात्र अधिक गडद होतो.

घासण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. पाठीच्या वरच्या भागावर, दंडांवर, नडगीवर काळसर करड्या रंगाचे पट्टे घेऊन बायका येतात. जवळून, तिरप्या उजेडात पाहिलं तर वाळूवर वाऱ्याने उठतात तशा बारीक रेघा दिसतात. "किती घासलं मॅडम, मळ निघतच नाही," असं त्या सांगतात. तो मळ नसतोच. नायलॉनच्या जाळीने किंवा खरखरीत घासणीने वर्षानुवर्षं रगडल्यावर वरच्या थरातल्या दुखावलेल्या पेशींमधून एक प्रथिन झिरपतं आणि खाली साचतं. सोबत रंगद्रव्यही उतरतं. मॅक्युलर अमायलॉइडोसिस असं त्याचं नाव. बरं व्हायला महिनोन्‌महिने लागतात, आणि कुठल्याही मलमाच्या आधी घासणी कचऱ्यात टाकावी लागते.

तसंच मानेचं. बारा-तेरा वर्षांच्या जाडसर मुलाची किंवा मुलीची मान काळी, मखमलीसारखी जाड झालेली असते. आई लाजून सांगते, "आंघोळच नीट करत नाही बघा." त्या लेकराची मान घासून घासून लाल झालेली असते. हा काळेपणा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकतो. अशा मुलाचं वजन, कंबर, साखर बघायला हवी, घरात मधुमेह आहे का ते विचारायला हवं. लिंबू चोळून हे जात नाही. लिंबाचं तर मी कोणालाच सांगत नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्यातल्या द्रव्यांवर ऊन पडून भाजल्यासारखे फोड येतात आणि पुढे कित्येक आठवडे तपकिरी डाग राहतात.

मग उटण्याचं काय, असं दरवर्षी विचारतात. अभ्यंगस्नान जरूर करा. वर्षातली ती पहाट मला स्वतःला फार प्रिय आहे. तेल अंगाला चांगलंच. फक्त मुरूम असलेल्या मुलांनी ते कपाळ, गाल, पाठ सोडून लावावं. उटणं वस्त्रगाळ असावं, दुधात किंवा पाण्यात सैल कालवावं आणि तळहाताने फिरवून धुऊन टाकावं. संत्र्याच्या सालीची जाडी भरड गालावर रगडू नये.

आंघोळीनंतरची दोन-तीन मिनिटं महत्त्वाची. टॉवेलने टिपून घ्यावं आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावं. दिवाळीपासून हवा कोरडी व्हायला लागते, तेव्हा पावसाळ्यात चालणारं पातळ जेल पुरत नाही, क्रीम लागतं. अंगाला खोबरेल तेल उत्तम, चेहऱ्यावर मात्र ते रंध्रं बुजवतं. महाग काही घ्यायलाच हवं असं नाही. पेट्रोलियम जेलीचं पेटंट १८७२ सालचं आहे आणि त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवण्यात तिला मागे टाकणारं अजूनही फारसं काही नाही. भेगाळलेल्या टाचांना रात्री युरिया असलेलं क्रीम, वर मोजे.

उन्हाचं तेवढंच महत्त्व. वांग घेऊन आलेल्या बाईला मी कितीही चांगलं औषध दिलं, तरी ती दुपारी डोक्यावर काही न घेता बाजारात गेली तर वांग परत येतं. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, सोबत ट्यूबवर 'पीए' या अक्षरांपुढे प्लसच्या तीन-चार खुणा. तर्जनी आणि मधल्या बोटावर भरून दोन रेघा काढा, चेहऱ्याला आणि मानेला मिळून तेवढं लागतं. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत. घराबाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग असेल तर रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं घ्या, कारण नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतं. आणि ज्यांना रोजचं सनस्क्रीन परवडत नाही त्यांनी ओशाळू नये. आपल्याकडच्या मुली गाडीवर बसताना डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळतात, वर सनकोट घालतात. घट्ट विणीचा, गडद रंगाचा तो स्कार्फ खरोखर काम करतो. छत्रीही करते.

एवढंच. धुणं, ओलावा, ऊन अडवणं. सीरम हवंच असेल तर एका वेळी एक, तेही आधी आठवडाभर कानामागे लावून पाहून. दहा-बारा वर्षांच्या मुलींनी रेटिनॉल आणि ॲसिडं लावू नयेत, त्यांच्या कोवळ्या त्वचेला त्याची काहीही गरज नाही.

आता त्या पिशवीतल्या, मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबकडे येते. तिच्यावरची बारीक अक्षरं मी रुग्णाला मोठ्याने वाचायला लावते. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल. ही स्टेरॉइडं आहेत. योग्य आजारात, योग्य दिवस वापरली तर फार गुणाची. पण कोणीतरी सांगितलं म्हणून गोरेपणासाठी चेहऱ्यावर लावली, की पहिले दोन-तीन आठवडे चेहरा नितळ आणि उजळ दिसतो, आणि तिथेच माणूस फसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, मुरुमांचं पीक येतं. घाबरून बंद केलं की चेहऱ्याची आग होते. म्हणून परत तीच ट्यूब. हे चक्र इतकं सर्रास आहे की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला वेगळं निदान म्हणून नाव दिलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडं अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती मिळतात. नायट्यावर चोळली जाणारी तीन-चार औषधांची मिश्रणंही याच जातीची, आणि साध्या औषधांना दाद न देणारा नायटा आज घरोघरी पसरला आहे, त्याला या मिश्रणांचा मोठा हातभार आहे. सावळ्या मुलीला ती सावळी आहे म्हणून औषध लावायला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तिला कुठलाही आजार झालेला नसतो. तिचा रंग तिला उन्हापासून वाचवतच असतो.

रोज सावकाश हात फिरवून क्रीम लावणाऱ्याला आपली कातडी ओळखीची होते, आणि याचा एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. टिकलीच्या जागी पांढुरका ठिपका दिसला तर तो लवकर लक्षात येतो. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने तिथला रंग जाऊ शकतो, तेव्हा टिकली बंद करून लगेच दाखवावं. त्याहून महत्त्वाचा म्हणजे फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला खाज नाही, दुखणं नाही आणि स्पर्शही नीट कळत नाही. दुखत नाही म्हणूनच लोक तो महिनोन्‌महिने अंगावर काढतात. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गोळ्या मोफत मिळतात, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्याव्या लागतात, आणि वेळेत सुरू केल्या तर हातापायांच्या नसांना इजा होण्याआधी आजार पूर्ण बरा होतो.